जुनी हायब्रिड विकू का?

प्रश्न : माझी टोयोटाची कॅमरी हायब्रिड (पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी गाडी) २०१५ ची आहे. मायलेज घटलंय. नवी घेऊ का? (एक वाचक, धरमपेठ, नागपूर)

उत्तर : काका, घाई नको. २०२४ च्या डिसेंबरात आलेल्या नव्या कॅमरीत निकेलऐवजी लिथियम-आयन बॅटरी आहे, ताकद २३० पीएस (अश्वशक्ती). गाडी झकासच! पण रोज धरमपेठ ते बर्डी एवढ्याच फेरीसाठी ४८ लाख (तेव्हाची शोरूम किंमत)?

आधी मागच्या सीटजवळची हवेची जाळी बघा. बॅटरी तिथूनच श्वास घेते. ती धुळीनं बुजली की आपल्या मे महिन्यातल्या ४५ अंशांत बॅटरी उकडून निघते आणि मायलेजही घटतं. माझ्या जाळीतून बायकोच्या शालीचे धागे निघाले होते! जाळी साफ करून बॅटरी तपासून घ्या. तीच थकली असेल, तर मग नवीचा हिशेब मांडू.