गळ्याची शपथ आणि रानडुकराची शिकार

वाचकांचे प्रश्न : आयर्लंड आणि वेल्सच्या मध्ययुगीन दंतकथांवरच्या अद्भुत प्रेमकादंबऱ्या

प्रश्न : डेर्द्राची आयरिश कथा मराठीत कादंबरीरूपाने लिहायला घेतली आहे. पण ज्या पुस्तकात पाहावे तिथे शेवट वेगळाच. खरा कोणता? (सांगली)

उत्तर : दोन्ही खरे, पण दोन्ही एकाच कादंबरीत घालू नका. कथेचे जुने रूप १२व्या शतकातल्या 'लेन्स्टरचा ग्रंथ' या आयरिश हस्तलिखितात आहे. कथा त्याहूनही तीन-चारशे वर्षांनी जुनी. त्यातली डेर्द्रा आपल्याला आवडलेल्या नोइशू या तरुणाचे सरळ दोन्ही कान धरते आणि म्हणते, मला घेऊन गेला नाहीस तर हे कान लाजेचे आणि हशाचे. तिच्यावर हक्क सांगणारा राजा कॉनखोवर पुढे नोइशूला मारवतो आणि ती वर्षभर त्या राजाकडे राहते. हसत नाही, पोटभर जेवत नाही, गुडघ्यावरची मान उचलत नाही. शेवटी राजा तिला नोइशूच्या मारेकऱ्याकडे धाडायचे ठरवतो आणि रथात त्या दोघांच्या मध्ये असताना ती खडकावर डोके फोडून घेते. नंतरचे, १५व्या शतकाच्या आसपासचे रूप हळवे आहे. स्कॉटलंडमधले पळून जाऊन काढलेले दिवस त्यात लांबतात, डेर्द्राला अशुभ स्वप्ने पडतात, ती परतू नका म्हणून विनवते आणि अखेर नोइशूच्या थडग्यावर प्राण सोडते.

बिघडते ते असे : पहिल्या शंभर पानांत कान धरणारी बाई आणि शेवटच्या शंभरात नुसती डोळे टिपणारी. वाचकाला दोन नायिका भेटतात. उपाय कंटाळवाणा आहे पण चुकत नाही. एका कागदावर दोन रकाने आखा, प्रत्येकात दहा-बारा प्रसंग क्रमाने लिहा आणि एकच रकाना निवडा. दुसऱ्यातून एखादा प्रसंग उचलायचाच असेल तर निवडलेल्या रकान्यातली डेर्द्रा तसे वागेल का, एवढे पाहा. वर्षभराच्या मौनाचा तो तुकडा मात्र कुठल्याही लेखकाला मोह पाडील असा आहे.

प्रश्न : 'गेश' म्हणजे शापच ना? मग कथानकात तो कसा वापरायचा? (नाशिक)

उत्तर : शाप नव्हे. गेश म्हणजे आयरिश कथांतले, एखाद्यावर घातलेले बंधन. शाप देणारा रागावतो आणि भोगणारा भोगतो, त्याच्या हातात काही उरत नाही. गेशमध्ये निवड उरते : पाळ, नाहीतर आधी मान घालव, मग जीव. आपल्याकडे त्याच्या सर्वांत जवळ जाते ती गळ्याची शपथ. टारा या राजांच्या ठिकाणच्या मेजवानीत राजकन्या ग्रॉन्या तेच करते. योद्ध्यांचा म्हातारा नायक फिन याच्याशी लग्न नको, म्हणून ती मंडळींना गुंगीचे पेय पाजते आणि फिनच्याच टोळीतल्या डीअर्मिदला गेश घालते : आज रात्री मला इथून घेऊन चल. तो सोबत्यांना एकेक करून विचारतो. सगळे सांगतात, जा बाबा, गेश मोडू नकोस. मित्राशी बेइमानी की शपथभंग, असा तो पेच आहे. पुष्कळ नव्या कादंबऱ्यांत डीअर्मिद आधीच प्रेमात पडलेला दाखवतात. मग गेश उरतो फक्त निमित्तापुरता आणि पेच जागच्या जागी मरतो.

दुसरा प्रकार लहानपणीच घातलेल्या निषेधाचा. डीअर्मिदने रानडुकराची शिकार करायची नाही, हा तसा. कादंबरीला असे दोन, फार तर तीन गेश पुरतात. ते कादंबरीच्या पहिल्या एक-पंचमांश भागातच, थट्टेत किंवा जेवता-जेवता, सांगून टाका आणि वाचकाला विसरू द्या. ऐनवेळी शेवटून दुसऱ्या प्रकरणात सांगितलेला गेश म्हणजे निव्वळ लबाडी. आणि नायकाने आपण होऊन गेश मोडण्यापेक्षा त्याच्यासमोर दुसरे तेवढेच वजनदार बंधन उभे करा. आयरिश वीर कू खुलिन याला कुत्र्याचे मांस वर्ज्य. वाटेत म्हाताऱ्या नेमका कुत्राच भाजत बसलेल्या, आणि टोमणा मारतात की गरिबाघरचा घास मोठ्यांना कसा चालेल! खावे तर गेश मोडतो, न खावे तर मान जातो.

प्रेमाची धग हळूहळू वाढवायची असेल तर डीअर्मिद-ग्रॉन्याच्या कथेत तयार माल पडला आहे. लोककथांत डीअर्मिद प्रत्येक मुक्कामावर न मोडलेली भाकरी ठेवून जातो. मागावरच्या फिनला कळावे, की तिला हात लावलेला नाही. मग पाणी ओलांडताना ग्रॉन्याच्या मांडीवर शिंतोडा उडतो आणि ती म्हणते, हे पाणी तुझ्यापेक्षा धीट आहे. पळापळीची शिस्तही ठरलेली : एकच दार असलेल्या गुहेत शिरायचे नाही, जिथे शिजवले तिथे जेवायचे नाही, जिथे जेवलो तिथे झोपायचे नाही. एवढ्यावर दहा प्रकरणे निघतात.

प्रश्न : नावे देवनागरीत कशी लिहावीत? (पणजी)

उत्तर : इंग्रजी अक्षरांवरून नव्हे, उच्चारावरून. आयरिशमध्ये एम-एच आणि बी-एच ही जोडी बहुधा 'व' होते, म्हणून नीअव, मेव. टेकडीच्या पोटात राहणारे लोक ते 'शी'. वेल्शमध्ये एक एफ म्हणजे 'व', डब्ल्यू पुष्कळदा 'उ', आणि दुहेरी डी साधारण 'द'. दुहेरी एलसाठी ळ वापरण्याचा मोह आवरा. जीभ 'ल'च्या जागी ठेवून हवा फुंकली की जो आवाज येतो त्याला 'ह्ल' जवळचे.

खरी गोची विभक्तीत होते. डेर्द्राचे 'डेर्द्रेने' करू नका, 'डेर्द्राने' ठेवा, ग्रॉन्याचेही तसेच. नोइशूचा आधुनिक उच्चार 'नीशे' असा आहे, पण 'नीशेने तलवार उपसली' वाचताना शेजारची निशाच डोळ्यांपुढे येते. म्हणून इथे जुना उच्चार बरा.

प्रश्न : नायक-नायिकेने हाताला दोरी बांधून 'एक वर्ष एक दिवस' लग्न केलेले दाखवू का? (पुणे)

उत्तर : मध्ययुगीन आयर्लंड म्हणून दाखवू नका. त्या प्रथेचे आजचे रूप बरेच अलीकडचे आहे. त्यापेक्षा रसाळ गोष्ट कायद्यात सापडते. सुमारे इ.स. ७००च्या आयरिश जोडप्यांच्या कायद्यात स्त्री-पुरुष संबंधांचे नऊ प्रकार मोजले आहेत : दोघांची मालमत्ता समान असलेला, चोरून भेटींचा, पळवून नेण्याचा, अगदी दोन वेड्यांचासुद्धा. मनुस्मृतीतले आठ विवाह आठवणाऱ्याला तिथला राक्षसविवाह लगेच ओळखू येईल. नवऱ्याने शेजघरातल्या गोष्टी चारचौघांत सांगितल्या तर बायकोला त्याला सोडता येई. बटाटा आणि पंख असलेल्या पऱ्या मात्र काढाच, दोन्ही फार नंतरचे.

प्रश्न : वेल्श कथेतली फुलांची बायको, ब्लोदायवेद, नायिका होऊ शकते? (ठाणे)

उत्तर : का नाही? ह्लाय या तरुणाला पृथ्वीवरच्या मानववंशातली बायको मिळणार नाही, असे त्याच्या आईने बांधून टाकलेले असते. त्यातून पळवाट म्हणून दोन जादूगार ओक, ब्रूम आणि मेडोस्वीट यांच्या फुलांतून ही बाई घडवतात. तिला कोणी विचारत नाही, कादंबरी तिथूनच सुरू होते. एक बारकावा : ओक वसंतात फुलतो, मेडोस्वीट ऐन उन्हाळ्यात. तिन्ही फुले एकाच आठवड्यात ताजी मिळणे कठीण, म्हणजे कोणीतरी आधीची जपून ठेवली असणार. ओकचा फुलोराही हिरवट, लोंबता, अजिबात दिमाखदार नाही. पारिजातक घालून सोपे करू नका.

ह्लायला मारायचा भाला वर्षभर, फक्त रविवारच्या प्रार्थनेच्या वेळी घडवायचा असतो. म्हणजे प्रियकरासोबत कट रचल्यानंतर तिला नवऱ्याशेजारी वर्षभर राहावे लागते. मूळ कथा ते वर्ष भरकन ओलांडते. तुम्ही तिथेच थांबा.

प्रश्न : प्रेमकादंबरीला सुखान्त हवा, पण या कथांत सगळे मरतात! (बेळगाव)

उत्तर : सगळे नाहीत. मारलेल्यांना जिवंत करण्यापेक्षा कथाच वेगळी निवडा. आयरिश कथेतल्या एटेनचे पाहा : सवत तिचे आधी पाणी, मग अळी, मग माशी करते, ती एका बाईच्या पेल्यात पडून गिळली जाते आणि पहिल्या जन्मानंतर १०१२ वर्षांनी पुन्हा जन्मते. तिचा आधीच्या जन्मातला नवरा मिदिर तिच्या नव्या नवऱ्याला पटावरच्या खेळात हरवून एक मिठी मागतो आणि दोघे हंस होऊन छताच्या धुराड्यातून उडून जातात. सुखान्त हवा तर इथे थांबा. पुढे मूळ कथेत राजा तिला परत मागतो, तेव्हा एकसारख्या दिसणाऱ्या पन्नास जणी त्याच्यासमोर उभ्या केल्या जातात. तो ओळखून जिला निवडतो, ती त्याची स्वतःची मुलगी असते.