आधी दांडा बघा, क्रोम नंतर

प्रश्न: ताई, नमस्कार. वडिलांची 1960च्या दशकातली मोटरसायकल पुन्हा रस्त्यावर आणतोय. मागचे मूळचे शॉकअप गंजून पार जाम झालेत. बरीच खटपट करून तशाच बनावटीची एक वापरलेली जोडी मिळवली. स्प्रिंगांवर गंजाचे ठिपके आहेत, रबरी बुश चिरलेत आणि एका शॉकअपच्या मानेशी तेलाची ओल दिसते. शिवाय ही जोडी मूळच्यापेक्षा 10 मिलिमीटर लांब भरते. स्प्रिंगा ॲसिडमध्ये बुडवून, क्रोम करून बसवाव्यात असं मनात आहे. तेल घरीच भरता येईल का?

उत्तर: क्रोमचा विचार आज बाजूला ठेवा, आणि ॲसिडचा तर सोडूनच द्या. त्याचं कारण पुढे सांगते.

जुना शॉकअप हातात आला की सगळ्यांची नजर आधी स्प्रिंगवर जाते, कारण ती बाहेर दिसते. पण स्प्रिंग वजन पेलते, एवढंच. खड्ड्यातून गेल्यावर गाडीचं डोलणं थांबवायचं काम आतल्या तेलाचं. पिस्टनच्या बारीक वाटांतून ते रेटलं जातं आणि दणक्याचा जोर उष्णता होऊन निघून जातो. तेल हे काम करत नसेल, तर तुम्ही गाडीला नुसत्या दोन स्प्रिंगा लावताय.

म्हणून पहिल्यांदा स्प्रिंग उतरवा. ॲडजस्टर, म्हणजे स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करणारं खाचांचं कडं, सर्वांत मऊ खाचेवर आणा. बऱ्याच जुन्या शॉकअपमध्ये वरच्या टोपीशी दोन अर्धचंद्री लॉक असतात आणि दाबलेली स्प्रिंग त्यांच्यावर अडकलेली असते. स्प्रिंग कॉम्प्रेसर लावल्याशिवाय त्यांना हात लावू नका, आणि काम करताना चेहरा शॉकअपच्या टोकासमोर आणू नका. एकाने अंगाचा भार टाकून दाबायचं आणि दुसऱ्याने लॉक उपसायचे, हा प्रकार मी माझ्या कामाच्या बाकावर कुणालाही करू देत नाही.

आता खालचा डोळा, म्हणजे शॉकअप गाडीला अडकवायची टोकाची कडी, व्हाइसमध्ये पकडा, दांडा (शॉकअपमधून आत-बाहेर होणारी सळई) वर, आणि पाच-सहा वेळा पूर्ण दाबून पूर्ण ओढा. दुहेरी नळीचा शॉकअप आडवा पडून राहिला की आतल्या नळीत हवा शिरते. ती निघेपर्यंत हाताला जे लागतं त्यावर विश्वास ठेवू नका. त्यानंतर नीट लक्ष द्या. दाबताना हलका आणि ओढताना जड लागला, तर बरोबर आहे. ओढ पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखी हवी. मध्येच दोन बोटं हात रिकामा गेला, तर आत तेल कमी आहे किंवा हवा अजून अडकली आहे. एक झाला की लगेच दुसरा ओढून बघा. दोघांतला फरक मनगटाला लगेच कळतो. जोडी एकसारखी नसेल तर वळणावर गाडी तुम्हाला सांगेलच, पण ते तिथे कळण्यापेक्षा बाकावर कळलेलं बरं.

मग दांडा. तो स्वच्छ पुसा आणि नख हलकेच वरून खाली फिरवा. मध्यंतरी माझ्याकडे एक शॉकअप आला होता, बाहेरून अगदी आरसा. सीलच्या, म्हणजे मानेशी तेल अडवणाऱ्या रबरी कड्याच्या, दोन बोटं वर नख अडलं. भिंगातून बघितलं तर टाचणीच्या डोक्याहून लहान खळगा, क्रोम उचललेलं आणि त्याची कड धारदार. चालत्या गाडीत नेमका तेवढाच भाग सीलच्या ओठातून सारखा वरखाली होतो. नवं सील घातलं असतं तरी त्या धारेने ते काही दिवसांत कापलं असतं. दांड्याचं जुनं क्रोम उतरवलं, हार्ड क्रोम चढवलं, ग्राइंड करून मूळ मापाला आणलं आणि मगच सील बदललं. खळगा अगदी वरच्या टोकाशी, सील कधीच पोचत नाही अशा जागी असेल, तर चिंता नको. तुमच्या ओल्या शॉकअपचा दांडा आधी असा तपासा. वाकलेला दांडा मात्र सरळ करत बसू नका, तो बदलायचाच.

तेलाचं उत्तर शॉकअपच्या बनावटीवर आहे. मानेशी पिन-पान्याने फिरणारा नट असेल, तर घरी उघडता येतो. कडा दुमडून किंवा वेल्ड करून बंद केलेला असेल, तर ते लेथवर काम करणाऱ्या अनुभवी माणसाकडे द्या. दाबलेला दांडा सोडल्यावर स्प्रिंगशिवाय आपणहून बाहेर आला, तर आत दाबाचा वायू आहे असं धरून चाला. तिथे भोक पाडायचं नाही, आच द्यायची नाही.

भरताना काठोकाठ भरू नका. 12 मिलिमीटर जाडीचा दांडा 75 मिलिमीटर आत गेला की साधारण साडेआठ मिलिलिटर जागा खातो. तेल दबत नाही. तेवढी हवेची जागा ठेवली नाही, तर दांडा अर्ध्यात अडतो किंवा सील बाहेर फेकलं जातं. काढलेलं जुनं तेल मोजून तेवढंच परत भरू नका, त्यातलं थोडं तर गळूनच गेलंय. बनवणाऱ्याने दिलेलं माप शोधा. तेलाच्या दाटपणाबद्दल एक सांगते. वेगवेगळ्या उत्पादकांच्या बाटल्यांवर 10 हा आकडा एकच असला, तरी तेल सारखंच दाट असेल असं नाही. 40 अंश तापमानाला किती सेंटिस्टोक, ते वाचून घ्या. दोन्ही बाजूंना एकाच बाटलीतलं तेल भरा.

आता ॲसिड. शिकत होते तेव्हा मी एका जोडीच्या स्प्रिंगा गंज काढायला ॲसिडमध्ये ठेवल्या आणि मग क्रोमला दिल्या. फार देखण्या झाल्या होत्या. बसवल्यावर गाडी रात्रभर स्टँडवर उभी होती. सकाळी बघते तर एक स्प्रिंग मधल्या वेढ्यात तुटलेली. गाडीवर कुणी बसलंही नव्हतं. ॲसिडमध्ये आणि प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन पोलादात शिरतो. स्प्रिंगचं कडक पोलाद त्याने ठिसूळ होतं आणि ताणाखाली काही तासांनी किंवा दिवसांनी अचानक तुटतं. क्रोम हवंच असेल, तर प्लेटिंग झाल्यापासून काही तासांच्या आत स्प्रिंगा सुमारे 190 ते 220 अंशांवर बरेच तास भाजून देणाऱ्याकडेच जा. माझं मत विचाराल तर तारेच्या ब्रशने गंज काढा आणि पावडर कोटिंग करा. भट्टीत फक्त स्प्रिंग जाऊ दे. तेल भरलेला शॉकअप चुकूनही नको. गंज खोल उतरला असेल, तर ती स्प्रिंग बादच.

दोन्ही स्प्रिंगांची मोकळी लांबी आणि तारेची जाडी व्हर्नियरने मोजा. वापरलेल्या जोडीत वेगवेगळ्या स्प्रिंगा निघतात, आणि हे डोळ्यांना दिसत नाही. बाकी सगळं सारखं असताना 7 ऐवजी 8 मिलिमीटर तार असेल, तर स्प्रिंग तब्बल 70 टक्के कडक होते, कारण कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो.

बुश व्हाइसमध्ये दाबून काढा. एका बाजूला लहान सॉकेट ढकलायला, दुसऱ्या बाजूला मोठं झेलायला. नवे घालताना साबणाचं पाणी लावा. ग्रीस नको, रबर फुगतं.

राहिली ती 10 मिलिमीटर लांबी. शॉकअप स्प्रिंगशिवाय गाडीला लावा आणि चाक हाताने पूर्ण वर, पूर्ण खाली न्या. टायर मडगार्डला लागतो का, खालच्या टोकाला चेन स्विंगआर्मवर (मागचं चाक धरून वर-खाली होणाऱ्या हातावर) घासते का, सगळं समोर दिसतं. पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), स्विंगआर्मचा पिन आणि मागचा ॲक्सल एका रेषेत येतात तिथे चेन सर्वांत ताणलेली असते. तिचा ढिलेपणा त्याच जागी तपासा. मागची बाजू उचलली गेली की पुढचा फोर्क थोडा उभा होतो आणि हँडल चपळ वाटू लागतं. 10 मिलिमीटरला बहुतेक गाड्या सहन करतात. 25 असते तर मी नाही म्हटलं असतं.

बसवताना एका वेळी एकच बाजू सोडा, म्हणजे स्विंगआर्म खाली पडत नाही. डोळा खिळ्यावर सरळ, ओढाताण न होता बसला पाहिजे. वॉशर कमी-जास्त करून तो रेषेत आणा. तिरका बसला तर दांडा एका अंगाने सील खातो. आणि बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी करून, कुणाला तरी सीटवर बसवून. स्टँडवर आवळलात तर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

प्रश्न: ताई, दुरुस्त केलेले शॉकअप बसवले, पण गाडी मागून टणक लागते आणि लहान खड्ड्यातही उडते. तेल पातळ करू का?

उत्तर: आधी मोजा. गाडी डबल स्टँडवर, चाक अधांतरी लटकलेलं ठेवून ॲक्सलपासून सरळ वर सीटच्या कडेपर्यंतचं अंतर घ्या. मग गाडी चाकांवर उभी करा, नेहमीच्या कपड्यांत सीटवर बसा, दोनदा हलकेच उसळा आणि दुसऱ्या कुणाला तरी तेच अंतर मोजायला सांगा. दोन्ही मापांतला फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण एक तृतीयांश असावा. हालचाल 90 मिलिमीटर असेल तर 30च्या आसपास. तुमचा फरक 10-12 भरला, तर ॲडजस्टर दोन्ही बाजूंना एकेक खाच मऊ करा. सर्वांत मऊ खाचेवरही फरक वाढत नसेल, तर स्प्रिंगा तुमच्या वजनाला जास्त कडक आहेत. तिथे तेल बदलून काही साधणार नाही. फरक बरोबर आला आणि तरीही गाडी उडत असेल, तेव्हा मला पुन्हा लिहा, आणि दांडा ओढताना हाताला काय लागलं तेही कळवा.