सगळ्या जुन्या लिंका होम पेजवर? नका करू भाऊ

भाऊ, तुमचा मामला समजला. वरुडकडच्या संत्रा बागायतदारांसाठी वर्डप्रेसवरची, म्हणजे साइट चालवायच्या सॉफ्टवेअरवरची, मराठी साइट. आधी लिंकमध्ये वर्ष, महिना, दिवस आणि मग मराठी नाव असायचं. साइट सांभाळणाऱ्यानं तारखा काढल्या आणि वरून सगळी नावं थेट डेटाबेसमध्ये रोमन लिपीत करून टाकली. आता गावातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची जुनी लिंक दाबली की ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही'. आणि तो म्हणतो, सगळं होम पेजवर वळवून देतो.

तसं करू देऊ नका. संत्र्यावरच्या डिंक्या रोगासाठी बोर्डो पेस्ट कशी लावायची हे पाहायला आलेला माणूस होम पेजवर पडला तर शोधत बसत नाही, फोन खिशात टाकून कृषी केंद्राकडे निघतो. गूगलही असं वळवणं बहुधा 'सॉफ्ट ४०४' धरतं, म्हणजे पान नाहीच असं समजतं.

नुसत्या तारखा काढल्या असत्या तर एवढं बिघडलं नसतं. नाव तेच असलं की वर्डप्रेस अंदाजानं बहुतेकांना नव्या पत्त्यावर पोचवतं. एडिटरमध्ये जाऊन एकेक स्लग, म्हणजे लिंकमधलं पोस्टचं नाव, बदलला असता तरी जुना स्लग वर्डप्रेसनं स्वतःच नोंदवून ठेवला असता. डेटाबेसमध्ये परस्पर हात घातला की ती नोंद होत नाही. तुमचं घोडं तिथं अडलं.

पण पोस्टचा आयडी, म्हणजे डेटाबेसमधला तिचा क्रमांक, सहसा बदलत नाही. बदलाआधीच्या बॅकअपमधून आयडी, तारीख आणि जुना स्लग काढा, आताच्या डेटाबेसमधून आयडी आणि नवा स्लग. एक्सेलमध्ये आयडी जुळवायला व्हीलुकअप हे सूत्र लावलं की जुनं-नवं समोरासमोर येतं.

जुना स्लग शीर्षकावरून बनवू नका, डेटाबेसमधलाच घ्या. यात मराठीची गोम आहे. लिंकमध्ये मराठीचं प्रत्येक अक्षर, काना, वेलांटी, हलंतसुद्धा, टक्क्याच्या चिन्हांसकट ९ जागा खातं आणि वर्डप्रेस स्लगला २०० च जागा देतं. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. 'संत्र्यावरील डिंक्या रोगाचे व्यवस्थापन' याचा स्लग 'संत्र्यावरील-डिंक्या-रोग' इथंच तुटतो, मोजून पाहा. मी हे केलं तेव्हा माझ्या पहिल्या यादीत लांब शीर्षकांच्या सगळ्या ओळी याच कारणानं चुकल्या होत्या.

यादी 'रीडायरेक्शन' नावाच्या प्लगइनमध्ये (वर्डप्रेसला जोडायच्या जादा सोयीत) सीएसव्ही, म्हणजे एक्सेलमधून निघणारी साधी फाइल, करून चढवा. सर्व्हरचं सॉफ्टवेअर अपाचे असेल तर त्याच्या एचटीअ‍ॅक्सेस या सेटिंगच्या फाइलमध्येही नियम लिहिता येतात, पण ते वर्डप्रेसच्या 'BEGIN' आणि 'END' या खुणेच्या ओळींच्या वर लिहा. त्या दोन ओळींमधलं सगळं वर्डप्रेस केव्हाही पुसून नव्यानं लिहितं. मी ते टक्क्यावालं लांबलचक रूप जसंच्या तसं त्या फाइलमधल्या रीराइटरूल या नियमात चिकटवलं होतं. एकही नियम चालेना. त्यात रात्री लाइन गेली, मोबाइलच्या उजेडात बसलो. सकाळी कळलं की अपाचे आधी पत्ता उलगडतं आणि मग नियमाशी ताडतं, म्हणून तिथं सरळ देवनागरीच लिहावं लागतं. प्लगइन बरं म्हणतो ते यासाठीच.

वळवताना ३०१ वापरा, म्हणजे कायमचं. पण सुरुवातीच्या दहा-पंधरा लिंका ३०२ नं, म्हणजे तात्पुरतं वळवून, तपासून घ्या. ब्राउझर ३०१ लक्षात ठेवतो. एक नियम चुकला होता तो मी दुरुस्त केला, तरी माझ्या फोनवर चुकीचंच पान उघडत होतं आणि शेजारच्या भाऊच्या फोनवर बरोबर. अर्धा दिवस त्यात गेला.

डोमेन तेच आहे, म्हणून सर्च कन्सोलमधल्या (गूगलच्या साइटमालकांसाठीच्या सेवेतल्या) पत्ता बदलण्याच्या साधनाची गरज नाही. नवा साइटमॅप, म्हणजे पानांची यादी, द्या, बस. गूगल म्हणतं नियम निदान १ वर्ष ठेवा. मी म्हणतो काढूच नका. मृग बहाराची पोस्ट लोक दरवर्षी त्याच जुन्या मेसेजमधून उघडतात.

आणि बॅकअपच नाही असं निघालं, तर प्लगइनची ४०४ ची नोंद चालू ठेवा, सर्च कन्सोलमधली न सापडलेल्या पानांची यादी उतरवा आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मागं सरकवत जुन्या लिंका शोधत बसा. मेहनत आहे, पण लोक खरंच उघडतात त्या लिंका आधी हाती लागतात.