मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या उडत असतील, तर घरी काय करता येईल?

आत धातूचे भांडे नसतानाही चटचट आवाज होऊन ठिणग्या उडतात आणि याची दुरुस्ती घरी शक्य आहे का, असे आपण विचारले आहे. बहुतेक वेळा दोष आतल्या बाजूच्या भिंतीवरील अभ्रकाच्या पातळ पत्र्यात असतो. मॅग्नेट्रॉनकडून, म्हणजे अन्न तापवणाऱ्या लहरी निर्माण करणाऱ्या भागाकडून, येणाऱ्या लहरी ज्या झरोक्यातून आत शिरतात, तो झरोका हा पत्रा झाकतो. त्यावर फोडणीचे, रश्श्याचे शिंतोडे साचून जळले की त्यांचा कोळसा होतो, आणि कोळसा वीजवाहक असल्यामुळे नेमकी तिथेच ठिणगी पडते.

प्लग काढून पत्रा अलगद सोडवावा. तो नुसता तेलकट असेल तर ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळवावा. काळा डाग किंवा भोक पडले असेल तर मात्र बदलावाच. सुट्या भागांच्या दुकानात मिळणारा पत्रा जुन्याच्या मापाने साध्या कात्रीने कापता येतो. माप सुईने आखावे, कारण पेन्सिलीतले ग्राफाइटही वीजवाहक असते. झरोक्याच्या कडेवरील चिकटाही पुसावा आणि पत्र्याविना मायक्रोवेव्ह चालवू नये.

बाहेरचे आवरण मात्र कृपया उघडू नका. आतील कपॅसिटरवर, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या भागावर, सुमारे 2000 व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही त्यातला विद्युतभार टिकून राहू शकतो. त्याचा धक्का जीवघेणा ठरतो. दिवा लागतो, काचेची थाळी फिरते, पण अन्न गरम होत नाही, असा बिघाड बहुधा याच भागातला असल्याने तो जाणकार तंत्रज्ञाकडेच सोपवावा.