कमी ऐकू येतं हे लोकांपासून लपवावं का? कानाचं मशीन लावायची लाज वाटते
नका लपवू. मी बरीच वर्षं लपवलं, केस कानावर घ्यायचे, कळलं नाही तरी हो हो करायचं, सगळे हसले की आपणही हसायचं आणि मधेच कोणी प्रश्न विचारला की फजिती, मग लोक म्हणणार शिष्ट आहे नाहीतर मठ्ठ आहे. बहिरा म्हणण्यापेक्षा ते जास्त लागतं. चष्म्याला कोणी हसत नाही, मशीनकडे मात्र टक लावून बघतात, का ते देव जाणे.

आता आधीच सांगून टाकतो, मला कमी ऐकू येतं, समोर बघून बोला, ओरडू नका. मशीन आवाज वाढवतं पण स, श सारखी अक्षरं तरीही निसटतात, आणि ओठ वाचायचे तर प, ब, म सारखेच दिसतात, पार की बार की मार, अंदाजच बांधायचा. "जाऊ दे, काही नाही" म्हणणाऱ्याला तर मी सोडतच नाही, परत बोलायला लावतो.

बाकी डब्ल्यूएचओच्या अंदाजाने मदत लागेल इतकं कमी ऐकू येणारे जगात ४३ कोटींच्या वर आहेत, तुम्ही काही एकटे नाही.