नळी आहे, म्हणून हात बांधू नका

प्रश्न : स्तनाच्या कॅन्सरसाठी आईचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीसकट घरी आलीय. हात हलवायला घाबरते, सारखी रडते. काय करावं?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : हात धरून ठेवला तर खांदा आखडतो. मुठीची उघडझाप, कोपर वाकवणं सुरू करा. नळी असेपर्यंत हात खांद्याच्या वर नको. नंतर डॉक्टरांना विचारून भिंतीवर बोटं चढवायची, पोचतील तिथे पेन्सिलीची खूण. वर सरकणारी ही खूण आमच्या धीराच्या शब्दांपेक्षा जास्त काम करते. नळीतलं पाणी रोज ठरल्या वेळी मोजून लिहा. २४ तासांत साधारण ३० मिलीच्या खाली आलं की ती काढतात. ताप १००.४ फॅरनहाइट, पू किंवा वाढती लाली दिसली तर लगेच दवाखाना. रडू दोन आठवडे हटलं नाही, तर तेही डॉक्टरांना सांगा.