मुलीला सोन्याच्या रिंगा चालतात, पण खोटं कानातलं घातलं की कानाची पाळी लाल होऊन पाणी सुटतं. असं का?

बहुधा ही निकेलची ॲलर्जी आहे. कानातलं काढा, आणि ते धुऊन-पुसून पुन्हा घालायच्या फंदात पडू नका. खोट्या दागिन्यांत वरचा मुलामा घामाने झिजतो आणि खालच्या मिश्रधातूतलं निकेल त्वचेत उतरतं. ही ॲलर्जी उशिराने उमटणारी असते: खाज-पुरळ साधारण १२ ते ७२ तासांनी दिसतं, म्हणून लग्नात घातलेल्या झुमक्यांचा दोष दोन दिवसांनी भलत्याच साबणावर जातो. बेंबीखाली, जीन्सच्या बटणापाशीही खाजरा चट्टा असेल तर संशय आणखी पक्का. टोचलेलं कानाचं भोक हीच निकेलची ॲलर्जी जडण्याची नेहमीची वाट. युरोपात म्हणूनच दागिन्यांतून सुटणाऱ्या निकेलवर कायद्याने मर्यादा आहे. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते. त्यामुळे २२ कॅरेट सोनं किंवा टायटॅनियमच घाला. व्हाइट गोल्डमध्ये निकेल असू शकतं, आणि फिरकीही २२ कॅरेट सोन्याची किंवा टायटॅनियमचीच हवी, तिथेच बरेच जण फसतात. खोट्या कानातल्याला पारदर्शक नेलपॉलिश लावलं, तरी तो थर काही दिवसच टिकतो. मात्र पू, ठणका किंवा ताप असेल तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. तेव्हा डॉक्टरांकडेच जा. सोन्यानेही त्रास होत असेल तर त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्ट्या लावून पॅच टेस्ट करतात. स्टिरॉइडचं मलम मेडिकलमधून मनाने आणू नका.